कुठल्या लाकडातून आलास? : घराभोवतीच्या लांबशिंगी भुंगेऱ्यांविषयी

पहिला दणक्याचा पाऊस पडून गेला की आमच्याकडे मृगाचा किडा निघतो. लाल मखमलीच्या त्या इवल्या जिवाला पोरं तळहातावर घेतात, काड्यापेटीत जपून ठेवतात. म्हातारी माणसं तो दिसला की समाधानाने मान हलवतात. त्याच आठवड्यात, त्याच पावसाने आणखी एक किडा बाहेर पडतो. त्याची वाट मात्र कोणी पाहत नाही. जेवणं उरकून माणसं ओसरीवर बसलेली असतात, पडवीत बल्ब लागलेला असतो आणि पत्र्यावर खडा पडावा तसा ठणकन आवाज होतो. तो खडा भिंतीवर आपटतो, खाली पडतो, पाठीवर उलटा होऊन पाय झाडायला लागतो. बोटाएवढा लांब, करडा, आणि डोक्यावर अंगाहून लांब अशी दोन शिंगं. कोणीतरी किंचाळतं, कोणीतरी चप्पल उचलतं.

ती उचललेली चप्पल एक मिनिट थांबावी, हे या पुस्तिकेचं पहिलं मागणं. त्या मिनिटात भुंगेऱ्याकडे नीट पाहावं आणि हा कुठल्या लाकडातून आला असेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा, हे दुसरं. दुसरं मागणं मोठं आहे, आणि पुढची सगळी पानं त्याच्यासाठीच लिहिली आहेत.

हा प्रश्न मला वेळेवर सुचला नव्हता. आमच्या अंगणात आजोबांनी लावलेला गावरान आंबा होता. लागोपाठ तीन पावसाळे त्याच्याजवळच्या दिव्यावर हे मोठे करडे भुंगेरे आले. आम्ही ते मारले आणि विसरलो. झाडाच्या बुंध्याशी रंध्याखाली पडतो तसा जाडसर भुसा साचायचा. मुंग्यांनी काढला असेल म्हणून आई तो रोज झाडून टाकायची. चौथ्या उन्हाळ्यात एक मोठी फांदी शेंड्यापासून पिवळी पडत वाळली. पुढच्या वर्षी दुसरी वाळली. अखेर झाड तोडलं तेव्हा करवतीखाली जे दिसलं ते मी अजून विसरलेलो नाही. खोडात अंगठा सहज जाईल एवढे बोगदे होते, एकात दुसरा घुसलेला, काही भुशाने ठासून भरलेले, आणि एका बोगद्याच्या टोकाला पांढरी-पिवळी, बिनपायांची, माझ्या मधल्या बोटाहून लांब अळी. आम्ही ज्यांना मारत होतो ते झाडातून बाहेर पडलेले होते. ज्या अळ्या झाड खात होत्या त्यांच्याकडे आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं.

दिव्याखाली येतो तो भुंगेरा म्हणजे या किड्याच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण. आधीची प्रकरणं लाकडाच्या आत घडून गेलेली असतात; कधी वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ. म्हणून त्याची ओळख त्याच्या पाठीवर सुरू होते आणि लाकडात पूर्ण होते.

आधी पाठ पाहू. आंब्याचा हा भुंगेरा, शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, मी पहिल्यांदा नीट पाहिला तो पाणी प्यायच्या काचेच्या पेल्याखाली. लांबी चार ते साडेपाच सेंटिमीटर. दुरून नुसता राखाडी वाटणारा रंग जवळून वेगळाच निघाला: अंगभर बारीक लव, राखेवर तपकिरी झाक. डोक्यामागच्या मानेसारख्या भागावर शेंदरी रंगाचे दोन ठिपके, मूत्रपिंडाच्या आकाराचे, शेजारी शेजारी. त्याच मानेच्या दोन्ही बाजूंना बाभळीच्या काट्यासारखा एकेक टोकदार काटा. पंखांच्या कवचावर आणखी ठिपके, आणि कवचाच्या वरच्या भागात मोहरी पेरावी तसे काळे चकचकीत दाणे. दोन्ही कवचं जिथे वर मिळतात तिथे पांढराशुभ्र छोटा त्रिकोण. पेला उचलून बाजूने पाहिलं तर डोळ्यामागून पोटापर्यंत गेलेला पांढरा पट्टा. एवढा नटलेला जीव अंगणात येतो आणि आपण त्याला ‘काळा भुंगा’ म्हणून झाडूने लोटतो, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. त्याला हलकेच दाबून धरलं तर तो किरकिरतो. हा आवाज तोंडातून येत नाही. मानेचा भाग मागच्या भागावर घासून तो काढलेला असतो. लहान मुलाने हा आवाज एकदा ऐकला की ते पुन्हा पुन्हा ऐकायला मागतं.

स्वीडनच्या शार्ल द गेर यांनी 1775 मध्ये या जातीचं वर्णन केलं. रुफोमॅक्युलाटा म्हणजे तांबड्या ठिपक्यांची. मेलेल्या भुंगेऱ्याचे ठिपके पुढे फिके पडतात, म्हणून पेटीतल्या जुन्या नमुन्यावरून रंग ठरवू नये.

पावसाळी दिव्यावर एकटा हाच येत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. सगळ्यात जास्त येतात ते हुमणीचे भुंगेरे: तपकिरी, गोलसर, कडुलिंब-बाभळीवर रात्री थव्याने बसणारे. त्यांच्या मिशा आखूड आणि टोकाला पंख्यासारख्या उलगडणाऱ्या असतात. उकिरड्यातून येणारा गेंड्या भुंगा काळा, जड, आणि त्याचं शिंग एकच, नाकावर. पाण्यातले भुंगेरे गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखे निसटणारे. लांबशिंग्याचं शिंग हे खरं शिंग नसून मिशी आहे, सांध्यासांध्यांची, मागे वळवून पाठीवर ठेवता येणारी. निदान अर्ध्या अंगाएवढी आणि नरात बहुधा अंगाहून लांब. तरीही शंका उरली तर डोळा पाहावा. या कुळातल्या बहुतेकांचा डोळा गोल नसतो, चंद्रकोरीसारखा आत खचलेला असतो आणि मिशीचं बूड त्या खाचेत बसलेलं असतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने हे सहज दिसतं.

नावाचा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. कोकणात आंब्याच्या या खोडकिडीला भिरूड म्हणतात आणि तो शब्द तिथल्या बागायतदाराच्या तोंडी रुळलेला आहे. आमच्या भागात मात्र भुंगा म्हटलं की सगळं आलं, कमळातल्या भुंग्यापासून डाळीतल्या किड्यापर्यंत. नाव नाही म्हणजे ओळखही नाही, असं मी समजत होतो. एका सोयाबीनच्या रानात हा समज मोडला. तिथला शेतकरी वाकून एका ताटाच्या देठावरची दोन चक्रं दाखवत म्हणाला, ‘चक्रीभुंगा लागलाय.’ आणि पुढे सगळं सांगून मोकळा झाला: मादी थोड्या अंतरावर दोन कड्या कोरते, मधे अंडं घालते, वरचं पान सुकतं, अळी ताटातून पोखरत खाली उतरते आणि पुढे जमिनीपासून वीतभर उंचीवर ताटच कापून टाकते. ओबेरिऑप्सिस ब्रेव्हिस या नावाचा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा चक्रीभुंगा लांबशिंगी कुळातलाच आहे. धाराशिव, कळंब, वाशीकडच्या सोयाबीन पिकवणाऱ्या घरांत या कुळाचा एक सदस्य नावानिशी आणि सवयींनिशी ठाऊक आहे. अंगणातल्या मोठ्या भुंगेऱ्याला त्याचा भाऊबंद म्हणून जोडून दाखवायचं, एवढंच काम उरतं. मग समजावायला वेळ लागत नाही. ‘चक्रीभुंगा सोयाबीनला जे करतो ते हा झाडाला करतो,’ असं म्हटलं की समोरचा माणूस उठून झाडाकडे चालू लागतो.

या कुळाचं शास्त्रीय नाव सेरॅम्बिसिडी. त्यामागे एक ग्रीक कथा आहे. केराम्बस नावाचा एक मेंढपाळ गाण्यात आणि वाद्यात निपुण होता. त्याने वनदेवतांचा अपमान केला, आणि त्यांनी त्याला लाकूड कुरतडणारा भुंगेरा करून टाकलं. बालाघाटावर मेंढरं चारणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगितली तर ते आधी विचारतात की तो भुंगा झाल्यावरही गातो का. भुंगेऱ्याची किरकिर ऐकवावी, हेच त्याला उत्तर.

जगात या कुळाच्या 35 हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. भारतातल्या सुमारे दीड हजार. चार्ल्स गॅहन यांनी 1906 मध्ये ब्रिटिश भारतातल्या या भुंगेऱ्यांवर ग्रंथ लिहिला. देहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सी. एफ. सी. बीसन यांनी अनेक वर्षं कोणता भुंगेरा कोणत्या झाडात वाढतो याची टिपणं केली आणि 1941 मध्ये ती ग्रंथरूपाने आली. हे ग्रंथ मोलाचे आहेत, पण ते जंगलखात्यासाठी लिहिलेले. अंगणात उभ्या असलेल्या माणसासाठी, त्याच्या भाषेत, काहीच नव्हतं. दीड हजारांतले दहा-बारा ओळखता आले तरी आपल्या घराभोवतीचं बहुतेक काम भागतं. इथे, प्रस्तावनेत, मी मुख्यतः तिघांविषयी बोलणार आहे, कारण हे तिघे तीन वेगळ्या लाकडांतून येतात आणि तिघांशी वागायची रीत वेगळी आहे.

पहिला वर आला: जिवंत झाडातला. बॅटोसेराची मादी सालीला दातांनी चीर पाडते आणि त्या चिरेत एकेक अंडं ठेवते. आंबा तिचा आवडता, पण अंजीर, फणस, तुती, सावर हीसुद्धा तिला चालतात. इस्राएलमध्ये हाच भुंगेरा अंजिराच्या बागांचा शत्रू झाला आहे. अळी आधी सालीखाली खाते, मग गाभ्यात शिरते. बाहेरून दिसतं ते एवढंच: बुंध्याशी तंतूतंतूंचा जाड भुसा, सालीतून पाझरलेला चीक, आणि एखाद्याच फांदीची पानं अवेळी पिवळी पडणं. हा भुंगेरा सापडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पन्नास पावलांच्या आतलं प्रत्येक आंब्याचं झाड पाहावं. ताजा भुसा येणारं भोक सापडलं तर अळी अजून आत आहे. तारेचा आकडा घालून ती ओढून काढणं, भोकात रॉकेलचा बोळा घालून चिखलाने लिंपून टाकणं, हा जुना उपाय आजही कामाचा आहे. झाड मोठं आणि भोकं बरीच असतील तर गावच्या कृषी सहायकाला किंवा तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून कसलंही औषध खोडात ओतू नये. त्या झाडाचे आंबे आपलीच लेकरं खाणार असतात.

दुसरा याच्याहून मोठा आणि दिसायला जास्त भीतीदायक. ॲकँथोफोरस सेराटिकॉर्निस. काळपट तपकिरी, काही नमुने आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंतचे, मोठे जबडे, मानेच्या कडेला दातेरी काटे, मिशा करवतीच्या पात्यासारख्या. त्याच्या नावाचा अर्थच करवती शिंगांचा. हा भिंतीवरून चालला तर नखांचा आवाज ऐकू येतो. आणि हाच सगळ्यात आधी चपलेखाली जातो. याची अळी मेलेल्या झाडांच्या बुंध्यांत आणि मुळांत वाढते. वीज पडून वाळलेल्या आंब्याचा खुंट किंवा तोडून ठेवलेलं, कुजत आलेलं सावरीचं बूड, असं लाकूड त्याला लागतं. ते तो पोखरतो, भुसभुशीत करतो, आणि त्याची माती व्हायला मदत करतो. जिथे हा दिसतो तिथे जवळपास एखादं मोठं जुनं झाड होतं किंवा आहे, एवढं नक्की. आमच्यासारख्या झाडं कमी असलेल्या भागात ही बातमी चांगलीच म्हणायची. त्याला धरू नका, जबडे सालीत घुसणारे असतात आणि बोटातून रक्त काढू शकतात; पण त्याच्याकडे विष नाही, नांगी नाही, आणि तो अंगावर धावून येत नाही. सुपडीवर घेऊन दिव्यापासून लांब कुंपणाशी सोडून द्यावा. या पुस्तिकेमुळे वर्षाला असे दहा भुंगेरे जरी वाचले तरी लिहिण्याचं चीज झालं असं मी मानेन.

तिसऱ्याविषयी मला जास्त बोलायचं आहे, कारण तो खऱ्या अर्थाने घरातला आहे. हा दिव्यावर बाहेरून आलेला नसतो. घरातल्याच खांबातून, चौकटीतून, पलंगातून निघालेला असतो. स्ट्रोमेशियम बार्बेटम. दीड ते तीन सेंटिमीटरचा, साधा तपकिरी, अंगावर बारीक लव, ठिपके नाहीत, भपका नाही. मादी वाळलेल्या लाकडाच्या भेगेत अंडी घालते. अळीला पाणी लागत नाही, ओलावा लागत नाही, कोरडं लाकूड पुरतं. पण अशा अन्नावर वाढ फार सावकाश होते. त्यामुळे लाकूड कापून, रंधून, पॉलिश करून घरात आल्यावर कित्येक वर्षांनी त्यातून भुंगेरा बाहेर पडतो. घरातले म्हणतात, खिडकीतून आला असेल.

मराठवाड्यातली जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. दगड-मातीच्या रुंद भिंती, सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि वर पांढऱ्या मातीचं जाड माळवद. रात्री सगळं शांत झालं की तुळईतून कुर्र कुर्र असा बारीक आवाज यायचा. आजी म्हणायची, लाकूड झोपेत दात खातंय. मला ते खरं वाटायचं, आणि आता वाटतं की तिने आवाज अगदी बरोबर ऐकला होता. खातच होतं कोणीतरी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा, लोहारा भागात अशी घरं कोसळली, आणि त्या भिंती व माळवदांच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. त्याविषयी इथे लिहिण्याची माझी योग्यता नाही. एवढंच सांगतो की जुन्या घरांचं लाकूड वाया जात नाही. खांबांच्या चौकटी होतात, तुळयांची दारं होतात, कड्यांचे देव्हारे होतात. आजोळच्या लाकडाचा एक देव्हारा आमच्याकडे आहे. त्याच्या मागच्या फळीत ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं, लंबगोल भोक एका पावसाळ्यात पडलं. मी फळी ठोकून पाहिली तर आवाज भरीव नव्हता. कागदाएवढा पापुद्रा शाबूत आणि आत सगळं पीठ. अळी भुगा बाहेर टाकत नाही, मागच्या मागे बोगद्यातच ठासत जाते. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत वरून काहीच कळत नाही.

इथे भोकांचं वाचन उपयोगी पडतं. टाचणीच्या टोकाएवढी अनेक भोकं आणि खाली मैद्यासारखी पिठी पडत असेल तर तो घूण, त्याचा लांबशिंग्याशी संबंध नाही. मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. कडा स्वच्छ कातरलेलं, लंबगोल, एकटंदुकटं भोक मात्र याचंच असण्याची शक्यता जास्त. जिवंत झाडाच्या सालीवर रेशमी धाग्यांत विष्ठा गुंफलेली जाळी दिसते ती तिसरीच गोष्ट: साल खाणारी अळी. ती पतंगाची असते, भुंगेऱ्याची नाही. पेरू, डाळिंब, बोर, शेवग्यावर ती नेहमी दिसते आणि लोक तिला भिरूड समजून बसतात.

घरच्या लाकडातला लांबशिंग्या ही काही आपलीच अडचण नाही. युरोपात याचा एक भाऊबंद घरांच्या छपरांत राहतो, आणि इंग्लंडमध्ये सरे परगण्याच्या आसपासच्या काही भागांत नव्या घराच्या छपराचं लाकूड औषध दिलेलंच वापरावं, अशी तरतूद बांधकामाच्या नियमांतच आहे.

बाभळीतून निघून द्राक्षात शिरलेल्या भुंगेऱ्याचाही उल्लेख केला पाहिजे, कारण बागायतदार वाचकांना तोच आधी हवा असेल. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. तीन-चार सेंटिमीटरचा, मळकट पिवळसर करडा, पाठीवर बारीक काळे ठिपके. आपल्या माळरानावरच्या बाभळी हे त्याचं जुनं घर. पावसाळ्याच्या तोंडावर भुंगेरे निघतात, कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातात, आणि मादी खोडाच्या खालच्या भागात अंडी घालते. अळी पोखरत मुळापर्यंत उतरते. तुळजापूर-धाराशिवकडे द्राक्षबागा वाढल्या तशी बांधावरच्या बाभळीशेजारी महिनोन्महिने पाणी मिळणारी जाड वेलीची खोडं उभी राहिली. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने महाराष्ट्रातल्या बागांमधल्या खोडकिडींचा अभ्यास केला आहे, आणि वर सांगितलेला कोरड्या लाकडातला स्ट्रोमेशियमसुद्धा त्यांना जिवंत द्राक्षवेलीत सापडला. बागायतदाराने खरड छाटणीच्या वेळी ओलांड्याची सुटलेली साल काढून खोड मोकळं करावं आणि बुंध्याशी भुसा आहे का ते पाहावं. वाळलेली खोडं बांधावर सरपण म्हणून रचून ठेवणं म्हणजे पुढच्या पावसाळ्यासाठी किडीची सोय करून ठेवणं आहे. बाभळी तोडा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. बाभळ गेली तर भुंगेऱ्याला द्राक्षच उरेल.

मारण्याआधी पाहणारं एक माणूस केवढं काम करू शकतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातून मालाच्या लाकडी पेट्यांबरोबर आलेला एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा लांबशिंग्या रस्त्याकडेच्या झाडांत सापडला. बारा वर्षांनी, 2008 मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहरात एका बाईंना आपल्या अंगणात तसाच भुंगेरा दिसला. त्यांनी तो ओळखायचा प्रयत्न केला आणि कळवलं. तपासणीत कळलं की किडा वर्षानुवर्षं शहरात पसरत होता आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे 30 हजारांहून जास्त झाडं काढावी लागली. त्या बाईंनी कळवलं नसतं तर आकडा कुठे गेला असता, याची कल्पना करवत नाही. दरम्यान, 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला: मालाच्या पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश तापमानाला निदान 30 मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असावं आणि त्यावर गव्हाच्या लोंबीची खूण असावी. औद्योगिक वसाहतींतून स्वस्तात मिळणाऱ्या पेट्यांच्या फळ्यांपासून आपल्याकडे टेबलं, रॅक, कोंबड्यांची खुराडी होतात. ती लोंबी तिथे शोधा.

आणि जवळचा दाखला मध्य प्रदेशचा. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडला, दिंडोरी भागातल्या सालवनात सालबोरर नावाच्या लांबशिंग्याची साथ आली आणि लाखो झाडं गेली. नुकत्याच तोडलेल्या सालाच्या ओल्या ओंडक्याचा वास या भुंगेऱ्यांना ओढून आणतो, म्हणून जंगलात ओंडके पसरायचे आणि त्यावर जमलेले भुंगेरे गावकऱ्यांनी वेचायचे, असा उपाय तिथे राबवला गेला. रानातल्या माणसांच्या नजरेवर आणि हातांवर सगळी भिस्त होती.

आपल्या जिल्ह्यात अशी साथ नाही, आणि उगीच भीती पेरण्यासाठी हे लिहिलेलं नाही. पण आपली झाडं मोजकी आहेत. बांधावरचा आंबा, देवळापुढची चिंच, शाळेतला कडुलिंब गेला तर तिथे पुन्हा तेवढी सावली व्हायला एक पिढी जाते, आणि दुष्काळात तर लावलेलं रोपही जगत नाही. येडशीच्या रामलिंग घाटात अभयारण्याचं जंगल उरलं आहे, जेमतेम 22 चौरस किलोमीटरचं. तिथले भुंगेरे तिथे पाहावेत, फोटो काढावेत, उचलून आणू नयेत. कायद्याने ती मनाई आहे आणि ती योग्य आहे. तिथल्या मेलेल्या झाडांतून अळ्या शोधून खाणारे सुतारपक्षीही या गोष्टीतले वाटेकरी आहेत.

पुस्तिका वापरायची कशी, तेही सांगतो. काचेचा पेला आणि एक जाड पुठ्ठा दिव्याजवळ ठेवा. भुंगेरा आला की पेला पालथा घाला, पुठ्ठा खालून सरकवा. शेजारी पाच रुपयांचं नाणं किंवा पट्टी ठेवून वरून एक आणि बाजूने एक असे दोन फोटो काढा. मान आणि मिशीचं बूड स्पष्ट आलं पाहिजे. मग वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, आणि जवळचं लाकूड कोणतं ते लिहा: जिवंत झाड, वाळका खुंट, सरपण, दाराची चौकट. ही शेवटची नोंद लिहायची राहून जाते आणि खरी किंमत तिलाच आहे. ओळख पटली नाही तर फोटो कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पुण्याच्या आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या अभ्यासकांनाही विचारता येतं. त्यांना फोटोबरोबर लाकडाची नोंद मिळाली तर ते तुमचे आभार मानतील.

शाळेतल्या शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. जून-जुलैमध्ये मुलांकडून अशी वही भरून घ्या. चक्रीभुंग्यापासून सुरुवात करा, कारण तो त्यांच्या शेतात आहे आणि त्याचं नाव त्यांच्या तोंडात आहे.

मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनला निघतो. त्याआधीच्या एखाद्या सकाळी अंगणातल्या प्रत्येक झाडाभोवती एक फेरी मारा, बुंध्याशी वाकून भुसा पडला आहे का ते पाहा, आणि असेल तर झाडून टाकण्याआधी वर भोक शोधा.